रिकाम्या डब्याची चाचणी

सासऱ्यांशी काय बोलावं या विषयावर कुणी पुस्तक लिहिलं असतं, तर आमच्या जावईबुवांनी ते पाठ केलं असतं. माणूस मुलखाचा अबोल. ऑफिसात पाण्याच्या मीटरची बिलं काढणाऱ्या प्रोग्रामची देखभाल करायचा. कुणी "कसा आहेस?" असं विचारलं तर "चालू आहे" म्हणायचा, जणू आपणही एक प्रोग्रामच. त्यात राहायला सासऱ्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर. खाली सासू-सासरे, वर मुलगी-जावई आणि मधे एक लाकडी जिना. तो जिना इतका करकरायचा, की जावई पहिल्या पायरीवर असतानाच खालून हाक यायची, "या, जावईबुवा!" मग परत फिरायची सोय उरायची नाही.

सासरे वजनमापे निरीक्षक होते. नोकरीतून निवृत्त झाले होते, स्वभावातून नाही. अजूनही दुकानात गेले की आधी काट्यावरचं वजन उलटं करून त्याच्या बुडाचा शिक्का वाचायचे आणि मग वस्तूचा भाव विचारायचे. त्यांच्या मते जगात माणसं दोन प्रकारची, मापात मारणारी आणि अजून सापडायची राहिलेली. निवृत्त झाल्यापासून ते 'तराजूची कुळकथा' नावाचा ग्रंथ लिहीत होते. दोरीला दगड बांधणाऱ्या आदिमानवापासून सुरुवात होती. नातेवाईकांनी "पुस्तक कुठवर आलं?" असं विचारणं कधीच सोडून दिलं होतं, कारण सासरे ते सांगायचे.

जावयाचाही एक उद्योग होता. संध्याकाळी जेवण झालं की तो 'गाठोडं' नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. तुमच्या कॉम्प्युटरवरचं सगळं किडुकमिडुक बांधून त्याची एक प्रत दूर कुठेतरी सुरक्षित ठेवायची, आणि घरचं गेलं तर परत आणून द्यायची, एवढंच गाठोड्याचं काम. ते बनवणारी मंडळी ठिकठिकाणी पसरलेली, एकमेकांची तोंडं न पाहिलेली, आणि पै न घेता राबणारी. जावयाला ही व्यवस्था फार आवडायची. काम करायचं आणि कुणाला भेटायचं नाही, यापरतं सुख ते काय!

"म्हणजे हे गाठोडं तुम्ही फुकट वाटता," सासरे एकदा चहा घेताना म्हणाले.

"मी एकटा नाही, बाबा. पुष्कळ जण मिळून करतो."

"पुष्कळ जण मिळून फुकट वाटता."

"हो."

"मग खोट कुठे आहे?"

"खोट नाहीये. सगळा कोड उघडा असतो. कुणीही येऊन तपासावा."

"तपासतो का कुणी?"

इथे 'हो' म्हणून सुटता आलं असतं. पण जावयाला खोटं बोलणं जमायचं नाही, त्यासाठीही बोलावं लागतं. "फारसं नाही," तो म्हणाला.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. खटला निकालात निघाला होता.

त्यानंतर काही दिवसांनी सासऱ्यांना एका नव्या क्लाउड कंपनीचं खातं मिळालं. वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांसाठी कार्यक्रम होता, तिथे वाटत होते. "तेही फुकटच ना, बाबा?" मुलीनं चिमटा काढला. "फुकट कसलं? त्यांच्या साहेबाचं भाषण ऐकलं मी पूर्ण. किंमत चुकती झाली," सासरे म्हणाले आणि त्यांनी आपला ग्रंथ त्या खात्यात नेऊन ठेवला. मग एक दिवस जिना करकरला. या खेपेला उलट्या दिशेनं. सासरे स्वतः वर आले.

"जावईबुवा, तुमचं गाठोडं आमच्या कंपनीत ठेवता येतं का? घरचे फोटो, पत्रं, सगळं तिथे बांधून टाकायचं म्हणतो."

जावयानं यादी काढून दाखवली. गाठोडं बऱ्याच कंपन्यांच्या कोठारात जायचं, पण ही कंपनी नवी होती, तिचं नाव यादीत नव्हतं.

"म्हणजे नाही," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

"मी करतो," कुणीतरी म्हणालं. कोण बोललं म्हणून जावयानं वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"बाबांना शब्द दिलास?" बायकोनं रात्री विचारलं. "लेखी की तोंडी?"

"तोंडी."

"मग मेलास. लेखी असता तर त्यात त्यांनी आधी चुका काढल्या असत्या, तेवढा वेळ मिळाला असता."

आता हे काम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं. प्रत्येक कंपनीच्या कोठाराचं दार वेगळं, कुलूप वेगळं आणि दारावरच्या पहारेकऱ्याची भाषाही वेगळी. त्या पहारेकऱ्याशी गाठोड्याच्या वतीनं बोलणारा जो कोडचा तुकडा, त्याला ही मंडळी बॅकएंड म्हणतात. त्याला चार गोष्टी आल्या की झालं. वस्तू आत ठेवणं, बाहेर आणणं, आत काय काय आहे ते विचारणं आणि नको ते पुसणं. जावयानं चारही लिहिल्या. या कंपनीचा पहारेकरी जरा विक्षिप्त होता, सरळ विचारलं तर उत्तर देत नसे. पण अबोल माणसाला विक्षिप्त माणसाशी कसं वागावं ते कळतं. शिवाय सासऱ्यांच्या हाताखाली त्याचा सराव झालेलाच होता.

हे सगळं तपासायला खातं हवं, आणि खातं सासऱ्यांचं. ते वर आले, "तिकडे तोंड करा" असं म्हणून त्यांनी जावयाला भिंतीकडे उभं केलं आणि स्वतः पासवर्ड टाकून गेले. लहान खात्यात कंपनी सगळं ठेवायला एकच डबा द्यायची. त्या डब्यात 'तराजूची कुळकथा' होती. जावयाला ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं डब्यात 'चाचणी' नावाचा वेगळा कप्पा केला आणि आपल्या कोडला बजावलं, की बाबा रे, जे काय करायचं ते या कप्प्यात. ग्रंथाची मूळ प्रत खाली सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर असणार, हे तर तो धरूनच चालला होता. कोण असा माणूस असेल, की आयुष्यभराच्या कामाची एकच प्रत ठेवील?

गाठोड्याच्या मंडळींत एक प्रमुख होता. त्याचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. नावापुढे घुबडाचं चित्र होतं, म्हणून सगळे त्याला घुबडच म्हणायचे. नवा बॅकएंड आला की घुबड त्यावर ठरलेली चाचणी चालवायला सांगायचा. शंभर बारक्या फाइली ठेवायच्या, परत आणायच्या, ताडून बघायच्या, पुसायच्या, आणि शेवटी डबा मोजायचा. डब्यात काही उरता कामा नये. जावयाचं सगळं पास झालं, शेवटचं सोडून. चाचणी म्हणाली, डबा रिकामा नाही, तीस-पस्तीस वस्तू अजून आत आहेत.

'डबा रिकामा का होत नाही?' घुबडानं लिहिलं.

त्या एका ओळीनं जावयाची झोप उडाली. त्याला वाटलं, आपला कचरा आपल्याला काढता येत नाही. आपण ठेवलेल्या फाइलीच मागे राहताहेत, आपलं पुसणंच लेचंपेचं आहे. लाजाळू माणसाचं हे असंच असतं. घरात कुठेही काही सांडलं, की ते आपल्याच हातून सांडलं असणार असं धरून तो फडकं आणायला धावतो. उत्तरादाखल 'बघतो' एवढं लिहायला त्याला जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत बसावं लागलं. मग त्यानं पुसण्याचा भाग नव्यानं लिहिला. आत काय आहे ते विचारायचं, जे असेल ते पुसायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा पुसायचं, आणि पहारेकरी 'काही नाही' म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

चाचणी चालवली. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. जावई खुर्चीतून उठून चक्क नाचला.

"काय झालं?" बायको धावत आली.

"डबा रिकामा झाला!"

"कुठला डबा? आणि त्यात नाचण्यासारखं काय आहे?"

घुबडानं लिहिलं, 'छान. आता तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी हा बॅकएंड वापरून बॅकअप घ्यावा आणि परत आणून बघावा. मग मुख्य कोडात घेऊ.'

दुसरं कुणीतरी खालीच बसलेलं होतं. रविवारी सकाळी जावई, आयुष्यात पहिल्यांदा असेल, हाक यायच्या आत जिना उतरला. मागून बायकोही आली, तिला बाबांचा चेहरा बघायचा होता. सासूबाई काकडीच्या चकत्या करत होत्या. डॉक्टरांनी दोघांनाही वजन उतरवायला सांगितल्यापासून त्या घरात सकाळी काकडीच असायची.

"झालं, बाबा," जावई म्हणाला. "तुमच्या कंपनीत गाठोडं जातं आता."

"बघू," म्हणत सासऱ्यांनी चष्मा लावला आणि खातं उघडलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "ग्रंथ कुठे आहे?"

"कुठला ग्रंथ?"

"ग्रंथ किती आहेत या घरात? इथे काहीच नाही. डबा रिकामा आहे."

डबा रिकामा हे शब्द जावयाच्या कानात कसे पडले, ते सांगणं कठीण आहे. दोन दिवसांपूर्वी तो याच शब्दांवर नाचला होता.

"पण... मूळ प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर असेल ना, बाबा?"

"मूळ प्रत एकच असते, जावईबुवा. ती इथे होती."

"आणि इथली? घरची?"

"ती पुसली मी, क्लाउडमध्ये नेऊन ठेवली त्याच दिवशी. अहो, आमच्या कचेरीत प्रमाण किलो एकच होता, कपाटात, कुलपात. दोन ठेवले की भांडण लागतं, खरा कुठला? उद्या यातल्या प्रतीत मी एक वाक्य सुधारलं आणि त्यातल्या प्रतीत राहिलं, तर पुढच्यांनी काय समजायचं?" बोलता बोलता त्यांना आपण काय बोलतो आहोत ते कळलं असावं. आवाज खाली गेला. "सगळी प्रकरणं होती. रोमन तराजूसुद्धा."

सासूबाईंची सुरी थांबली. इतक्या वर्षांत त्या ग्रंथाला त्यांनी नाही नाही ती नावं ठेवली होती, पण आता नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला त्याच उठल्या.

आणि जावयाला, उभ्या उभ्या, सगळं दिसलं. ठेवताना कप्पा सांगितला होता. आणताना सांगितला होता. फक्त 'आत काय आहे?' हे विचारताना सांगायचा राहिला होता. त्यामुळे पहारेकरी इमानदारीनं सगळ्या डब्याची यादी देत होता, आणि नवं पुसणं त्या यादीतलं सगळं पुसत सुटलं होतं. ते तीस-पस्तीस म्हणजे कचरा नव्हता, ती प्रकरणं होती. आणि याला वाटलं आपलं पुसणं लेचंपेचं आहे!

"चोर!" सासरे एकदम गरजले. जावई एक पाऊल जिन्याकडे सरकला. पण ते कंपनीबद्दल बोलत होते. "भाषण ऐकतानाच मला संशय आला होता. कुठे आहे त्यांचा नंबर? अगं, तू इथेच बैस. फोन मोठ्या आवाजात लावतो, साक्षीदार हवेत. त्या साहेबाचा परवानाच रद्द करतो की नाही बघा!"

फोन लागला. पलीकडे बासरी वाजू लागली. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं मधे मधे कुणीतरी सांगत होतं. जावयाच्या मनात आलं, गप्प बसलं तर? कंपनी आणि सासरे बघून घेतील. गप्प बसणं तर आपल्याला इतकं छान येतं. पण मग पलीकडची बिचारी कुणी मुलगी फोन उचलणार आणि आपल्या वाट्याच्या शिव्या खाणार.

"बाबा," तो म्हणाला, "यादी मागताना प्रीफिक्स लावायचा राहिला."

"कुणाचा?"

"म्हणजे लिस्ट करताना पाथ रिकामा गेला. त्यामुळे क्लीनअपमध्ये रूटपासून डिलीट झालं."

सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला अर्धं कळलं होतं आणि तेवढंही पुरे होतं.

"मराठीत सांग," ती हळूच म्हणाली.

"मी पुसलं," जावई म्हणाला. "तुमचं पुस्तक. मीच पुसलं."

बासरी वाजत राहिली. सासऱ्यांनी आयुष्यभर लोकांचे गुन्हे पकडले होते, पण न पकडता स्वतःहून कबूल झालेला गुन्हेगार त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत होता. त्याचं काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?" फोनवरची मुलगी म्हणाली.

काय झालं ते शेवटी जावयानंच सांगितलं. परक्या माणसाशी एका दमात इतकी वाक्यं तो कधी बोलला नव्हता. फोनवरच्या मुलीनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "घाबरू नका. पुसलेल्या फाइली आम्ही थोडे दिवस बाजूला ठेवतो. परत मिळतील. मात्र खातेदारांनी आधी त्यांच्या गुप्त प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. सर आहेत का?"

"आहे, आहे! विचारा," सासरे पुढे सरसावले. चेहऱ्यावर रंग परत आला होता.

"प्रश्न तुम्हीच लिहून ठेवला होता सर. तो असा आहे, माझं खरं वजन किती?"

सासऱ्यांचा रंग पुन्हा गेला.

"दुसरा प्रश्न नाही का?"

"नाही, सर."

"थांबा, हा आवाज जरा लहान करतो." ते फोनची बटणं चाचपू लागले.

"राहू द्या की, बाबा," मुलगी म्हणाली. "साक्षीदार हवेत ना?"

सासऱ्यांनी घसा साफ केला. "अडुसष्ट."

"चुकलं, सर."

"असं कसं चुकलं?" सासूबाई म्हणाल्या. "दर सोमवारी काट्यावर मी स्वतः बघते. अडुसष्टच आहे."

"अजून एकदा प्रयत्न करू शकता, सर. तेही चुकलं तर मात्र खातं बंद होईल आणि फाइली कायमच्या जातील."

सासऱ्यांनी पडद्यावरच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. बायकोच्या हातात सुरी होती. एका बाजूला आदिमानवापासूनचे सगळे तराजू आणि दुसऱ्या बाजूला संसार. पारडं बराच वेळ हलत राहिलं.

"एक्क्याऐंशी," ते म्हणाले. मग निरीक्षकाला गप्प बसवेना. "पूर्णांक चार."

"बरोबर, सर! फाइली परत पाठवते आहे. आणखी काही मदत?"

"नको," सासरे म्हणाले. "आता तुम्ही काही करू शकणार नाही."

फोन बंद झाला.

"अहो," सासूबाई फार गोड आवाजात म्हणाल्या. "आपला काटा तर अडुसष्ट दाखवतो."

"दाखवतो."

"मग?"

"काट्याच्या बुडाशी एक स्क्रू असतो," सासरे म्हणाले. "डॉक्टर दर वेळी बोलायचे. मी तो दर वेळी थोडासा... एकदम नाही हं! हळूहळू."

"तुम्ही? वजनमापे निरीक्षक?"

"निवृत्त," सासरे पुटपुटले.

सासूबाईंनी आणखी एक क्षण विचार केला, आणि तो विचार पूर्ण होताना सगळ्यांना त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. "आणि मी? मीही त्याच काट्यावर उभी राहते! मी नणंदेला फोन करून सांगितलं, लग्नातलं वजन परत आलं म्हणून. मी दुकानातल्या बाईला वजन उतरवायची माझी कृती लिहून दिली!"

"तू इतकी खुशीत असायचीस सोमवारी," सासरे म्हणाले. "मला परत फिरवायचा धीर झाला नाही."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली, ते त्यातल्या त्यात बरं झालं. मग त्यांनी काकडीची ताटली उचलली आणि नवऱ्याच्या पुढ्यातून नेली. स्वतःही खाल्ली नाही. इतके दिवस खाल्लेल्या काकड्यांचा हिशेब कुणाकडे मागायचा, असा त्यांचा चेहरा होता.

इकडे पडद्यावर एकेक प्रकरण परत यायला लागलं होतं. सासरे आणि जावई शेजारी शेजारी बसून ते बघत होते. दोघांनाही दुसरीकडे बघायला जागा नव्हती. दगड आले, दांडी आली, रोमन तराजू आला. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा सासऱ्यांनी श्वास सोडला आणि विचारलं, "तो प्रीफिक्स का काय, तो लावला का आता?"

"लावतो. आणि एक नियमही घालतो. चाचणी सुरू करण्याआधी डबा बघायचा. आत काहीही असलं, तर हात लावायचा नाही. आधी का नाही सुचलं कोण जाणे."

"काटा वापरण्याआधी शून्यावर आहे का बघायचं," सासरे म्हणाले. "आम्ही शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचो." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते चष्मा पुसू लागले.

घुबडाला जावयानं सगळं लिहून कळवलं, अगदी आपली चूक पहिल्या ओळीत घालून. घुबडानं नियम घेतला, आणि सगळ्या बॅकएंडांना लावला. 'पण दुसऱ्या माणसाची तपासणी राहिलीच,' असं त्यानं लिहिलं. तेव्हा सासरे वर येऊन बसले, त्यांनी घरचे फोटो बांधले, परत आणले, एकेक उघडून जुन्याशी ताडून पाहिला आणि जावयाच्या खुर्चीत बसून स्वतः उत्तर टंकलं. 'तपासले. माप बरोबर आहे.' खाली हुद्दा घातला. घुबडाला तो हुद्दा काय समजला देव जाणे, पण बॅकएंड मुख्य कोडात गेला आणि यादीत त्या कंपनीचं नाव आलं.

त्यानंतर एका संध्याकाळी खालून हाक आली. जावई गेला तर सासरे 'खोट्या मापांचे प्रकार' हे प्रकरण उघडून बसले होते.

"नवा परिच्छेद घातलाय. बघा."

जावयानं वाचला. 'एका निरीक्षकाच्या घरचा काटा' अशी सुरुवात होती, आणि पुढे स्क्रू कसा, किती आणि कोणत्या दिशेनं फिरवला होता, त्याचं सविस्तर वर्णन होतं. ग्रंथातला सगळ्यात चांगला परिच्छेद होता, पण हे जावयाला बोलून दाखवता आलं नाही.

"छान आहे," तो म्हणाला. "कोण हा निरीक्षक?"

"'एका' असं लिहिलंय ना? एका म्हणजे एका." सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आता याची दुसरी प्रत करा. ती वर, तुमच्याकडे असू द्या."

जावयाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "करतो की, बाबा! आत्ता करतो."

"पण हा परिच्छेद फक्त वरच्या प्रतीत ठेवायचा. खालच्या प्रतीत नको. खाली तुमच्या सासूबाई वाचतात."

"तसं नाही करता येत, बाबा. दोन्ही प्रती सारख्याच असाव्या लागतात. त्यालाच तर बॅकअप म्हणतात."

सासऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"मग तुमचं गाठोडं अजून अपुरं आहे, जावईबुवा," ते म्हणाले. "कळवा तुमच्या घुबडाला."